कारखानदार माळरानावर गेला, त्याची गोष्ट

बोदवडच्या बाजारात एक माउली भेटल्या. कापूस, मका आणि थोडा हरभरा अशी कोरडवाहू शेती, घरचे मालक थकलेले, आणि एकुलता एक मुलगा पुण्याकडे कंपनीत. पगार चांगला. दोन वर्षांत घरावर स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले. आता तो मुलगा म्हणतो, "आई, मी नोकरी सोडतो आणि गावी येतो. नाला अडवायचा, झाडे लावायची, गावासाठी काही करायचे." माउली मला म्हणाल्या, "भाऊ, लोक पोराला नोकरी लागत नाही म्हणून रडतात. माझे पोर लागलेली सोडतो म्हणते. त्याला हो म्हणू का नाही म्हणू?"

वाचकहो, हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. भुसावळ-नागपूर मार्गावरच्या आपल्या बोदवड स्टेशनावर सणासुदीला उतरणारी मुले पाहा. निम्मी चाकण, हिंजवडी, सुरत इकडची. त्यांतल्या एखाद्याच्या डोक्यात हा किडा असतोच. आई-बाप तो बोलून दाखवू देत नाहीत एवढेच. त्या माउलींना मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. एका माणसाची गोष्ट मात्र सांगितली. तीच तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण बाजारात उभ्याने सगळी सांगता आली नाही.

त्या माणसाचे नाव विलासराव साळुंखे. शिक्षणाने इंजिनिअर, धंद्याने कारखानदार. पुण्यात त्यांचा अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग हा कारखाना होता. यंत्राचा सुटा भाग मापात आहे की नाही, केसाइतका फरक पडला की काय, हे तपासणारी अचूक साधने तिथे तयार होत. म्हणजे माणूस मोजमापाचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. लाल मिलोची भाकरी, सुकडीची पाकिटे, आणि सगळीकडे खडी फोडणारी माणसे. ज्याच्या घरी चार बैल होते तोही हातोडी घेऊन रांगेत बसला होता. पुण्यापासून फार दूर नसलेल्या पुरंदर तालुक्यातही तीच तऱ्हा. त्या भागात पाऊस मुळातच कमी, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही लहरी. विलासराव व त्यांच्या पत्नी कल्पनाताई त्या दिवसांत तिकडे फिरले. हजारो माणसे रस्त्यासाठी खडी फोडताना त्यांनी पाहिली.

दुसरा एखादा सद्‍गृहस्थ असता तर त्याने धान्याची पोती वाटली असती आणि घरी गेला असता. विलासरावांना वेगळाच प्रश्न पडला. एवढी माणसे, एवढे दिवस, एवढे कष्ट करीत आहेत, आणि पुढच्या वर्षी पाऊस आला नाही तर हीच माणसे पुन्हा इथेच बसणार! फोडलेल्या खडीने विहिरीला पाणी येत नाही. मग हेच हात बांध घालायला, चर खणायला, पाझर तलाव करायला का लावत नाहीत? कारखान्यात एखादे यंत्र रोज बिघडत असेल तर ते रोज दुरुस्त करणारा कारागीर हुशार नव्हे, ते का बिघडते हे शोधणारा हुशार. तो हिशेब त्यांनी दुष्काळाला लावला.

पण नुसते सांगून कोण ऐकतो? सरकारी अधिकाऱ्याला सांगावे तर तो म्हणणार नकाशात नाही. गावकऱ्याला सांगावे तर तो म्हणणार, साहेब, तुम्ही पुण्याचे, मोटारीतून आलात, मोटारीतून जाल. दोघांचेही खोटे नव्हते. तेव्हा करूनच दाखवायचे असे ठरले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था निघाली आणि पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर, म्हणजे ४० एकर, जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली गेली.

जमीन कसली, उतारावरचे खडकाळ माळरान. गावात चांगली जमीन नव्हती असे नाही. मुद्दाम वाईट घेतली. चांगल्या जमिनीत पीक काढून दाखवले असते तर शेजारी म्हणाला असता, त्यात काय मोठेसे! आपल्याकडे कृषी प्रदर्शनात काळ्या कसदार जमिनीतला प्लॉट दाखवतात आणि मुरमाड जमिनीवाला शेतकरी तो पाहून खिन्न होऊन घरी येतो. विलासरावांनी ती चूक केली नाही.

त्या चाळीस एकरांत त्यांनी काय केले ते आज तुम्हाला नवे वाटणार नाही. उताराला आडवे बांध घातले. वरचे नापीक अंग गवताला व झाडांना सोडले. खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली आणि विहिरीचे पाणी उपसून परत वरच्या शेतांना दिले. धावणारे पाणी चालते करायचे, चालणारे थांबवायचे आणि थांबलेले जमिनीत मुरवायचे, एवढाच मंत्र. आज पाणलोट हा शब्द शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो काळ १९७४ चा होता आणि हे करणारा शेतकरी नव्हता, इंजिनिअर होता. तो त्या माळावर राहू लागला, तेव्हा लोकांना प्रथम त्याच्या डोक्याविषयीच शंका आली असणार. दोन-तीन पावसाळ्यांत मात्र माळ हिरवा दिसू लागला आणि आजूबाजूचे शेतकरी बघायला येऊ लागले. पुढे राळेगण सिद्धीचे अण्णा हजारेही हे काम पाहून गेले. लष्करातून आलेल्या त्या गृहस्थांनी आपल्या गावात काय केले ते सर्वांना माहीत आहे.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे आणि पुष्कळ जण ती इथेच संपवतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

पाणी आले, मग भांडण आले

माळावर पाणी अडवणे हे अवघड नाही. त्याला जेसीबी आणि पैसा लागतो. अवघड काम पुढचे. अडलेले पाणी कोणाचे? ज्याच्या शेतात विहीर त्याचे, हे आपले आजवरचे उत्तर. सगळ्या गावाने घाम गाळून नाला अडवायचा, आणि नाल्याकाठी ज्याचे शेत त्याने दहा घोड्यांची मोटर लावून रातोरात ते पाणी ओढायचे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्याच शिवारात पाहिले आहे, नावे घेत नाही.

विलासरावांनी हे ओळखले आणि १९७९ च्या सुमारास पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम नीट वाचा आणि वाचताना आपले शिवार डोळ्यांपुढे ठेवा.

पाणी जमिनीवर नाही, माणसावर मिळेल. घरात पाच माणसे तर अडीच एकराचे पाणी, दोन माणसे तर एक एकराचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. तुमची जमीन दहा एकर असो की पन्नास, अडीच एकराच्या वर ओलित नाही. बाकीची कोरडवाहूच करायची. ऊस किंवा तसले बारमाही पाणी पिणारे पीक योजनेच्या पाण्यावर घ्यायचे नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही, तो हक्क गटाकडे परत येईल. आणि सर्वांत कठीण नियम असा, की ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा आहे. त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने घ्यावी आणि आपल्या पाण्यावर ती करावी.

पैशाचाही नियम होता. योजना एका शेतकऱ्याची नसे, गटाची असे. खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदान, २० टक्के शेतकऱ्यांनी स्वतः आधी भरायचे आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी उसने देई. म्हणजे पाच लाखांची योजना असेल तर शेतकऱ्यांनी मिळून एक लाख, सरकारने अडीच लाख आणि संस्थेने दीड लाख. फुकट काही नाही. फुकट मिळालेल्या पाइपलाइनीची तोटी कोणी दुरुस्त करीत नाही, हे आपल्या गावच्या नळयोजनेवरून तुम्ही जाणताच. गटातूनच एक पाटकरी नेमायचा आणि त्याने बारी लावून प्रत्येकाला पाणी द्यायचे. ज्याची बारी नाही त्याने दारे फोडायचे नाही.

आता हिशेब बघू, कारण साळुंखे हिशेबाचे माणूस होते. एका एकरावर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण २४ लाख लिटर पाणी पडते. त्यातले सगळे काही अडत नाही. पिके पितात, ऊन पिते, उरलेले पुराने जाते. चौथा हिस्सा अडला असे धरू, म्हणजे सहा लाख लिटर. अर्धा एकर रब्बीला पाच पाणी पाटाने द्यायची तर सुमारे सात लाख लिटर लागते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या अर्ध्या एकराला एक एकराहून थोडे जास्त पाणलोट हवे. पाच माणसांच्या घराला सहा एकर. आपल्या शिवाराचे एकूण एकर आणि गावाची माणसे यांचा भागाकार घरी करून पाहा. बहुतेक गावांत पाणी पुरेल असेच दिसेल. पुरत नाही ते पाणी नव्हे, वाटप.

दुसरा आकडा केळीचा. आपल्या जिल्ह्याचे नाव जगात झाले ते केळीमुळे, आणि ठिबकचे नावही जळगावनेच देशभर नेले. त्याविषयी मला आदरच आहे. पण केळी ठिबकवर लावली तरी वर्षाला एकरी अंदाजे चाळीस ते पन्नास लाख लिटर पाणी घेते. साळुंख्यांच्या मापाने तो सहा-सात माणसांच्या रब्बीचा वाटा झाला. रावेर-यावलकडे पाणी किती खोल गेले आहे ते तिकडच्या पाहुण्यांना विचारा. बोअर खोल नेण्यातली चढाओढ ठिबकने थांबली नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर केळी लागली. मी केळीवाल्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरी दोन मुलींची लग्ने आहेत तो पैशाचे पीक घेणारच. पण 'थेंब वाचवा' आणि 'थेंब वाटा' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला नळी पुरते. दुसरीला माणसे एकत्र बसावी लागतात.

आपल्याच खानदेशातले

कोणी म्हणेल, हे तर परक्या मुलखातले तत्त्वज्ञान. तसे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडाला यंदा ऊस आणि कोणत्याला भुसार हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि दरसाल पालटायचे. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा. त्या कोरड्या फडात सर्वांचेच थोडे थोडे शेत असल्यामुळे तोटाही सर्वांनी वाटून घ्यायचा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. हे आपल्या पणजोबांनी कोणत्याही खात्याच्या जी.आर. शिवाय केले.

आणि जगातही असेच आहे. स्पेन देशात वालेन्सिया नावाच्या शहरी दर गुरुवारी मोठ्या चर्चच्या दाराशी आठ पाटांवरच्या शेतकऱ्यांचे निवडलेले पंच बसतात आणि पाण्याच्या भांडणांचा निवाडा तोंडी देतात. वकील नाही, कागद नाही. शेकडो वर्षांची ही रीत आजही चालू आहे. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या बाईंनी असे गट जगभर अभ्यासले, नेपाळातले पाटकरी शेतकरीही त्यात होते. सामाईक पाणी, रान, कुरण हे सरकारने किंवा एका मालकानेच सांभाळावे असे नाही, वापरणारे लोक स्वतः नियम करून ते नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या पांझरेकाठच्या जागल्याला ते मिळाले नाही, इतकेच!

खोट कुठे आली

पुरंदरात पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना झाल्या. मुंबईला गेलेली काही माणसे गावी परतली, कारण अर्धा एकर का होईना, ओलित होते. विलासराव २००२ साली गेले. कल्पनाताई शेवटपर्यंत ह्या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. ह्या गोष्टीत त्यांचे नाव नेहमी दुसऱ्या ओळीत येते, ते मला पटत नाही. शहरातले घर असताना माळावर संसार मांडायला नवऱ्याची हौस पुरत नाही. बायकोने मनापासून होकार द्यावा लागतो.

पण सगळे गोडच सांगितले तर तुमची फसवणूक होईल. त्या योजनांतल्या पुष्कळ पुढे बंद पडल्या. उपसा योजना विजेवर चालते आणि वीज महाग होत गेली. कोणी शेजारी नवी विहीर खोदून गटाच्या विहिरीचे पाणी ओढू लागला. कोणाला उसाचा मोह आवरला नाही. भूमिहीनांचा वाटा नियमात होता, पण प्रत्यक्षात तो थोड्यांच्याच हाती पडला. जमीनवाल्याने आपली जमीन वाट्याने द्यायला हवी ना! आणि मोठ्या योजनांचे पाणी दारात येणार असे दिसू लागल्यावर अडीच एकराची शिस्त कोण पाळतो?

ही शेवटची गोष्ट आपल्याला लागू आहे. आपला बोदवड तालुका १९९९ साली वेगळा झाला, पण पाण्याचे दैन्य त्याच्या आधीपासूनचे आहे. ह्या पट्ट्यातून मोठी बारमाही नदी जात नाही. जे नाले अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूने येतात ते पोळ्यापर्यंत वाहिले तरी खूप. पूर्णेचे पुराचे पाणी उचलून ह्या बाजूला आणायच्या बोदवड उपसा सिंचन योजनेची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली. ते पाणी ज्या शिवारात पोचेल तिथे पहिल्याच वर्षी काय होईल? पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत तो केळी लावील आणि शेपटाकडचा तहसीलला अर्ज देत बसेल. पाण्याआधी नियम झाला तर टिकतो, पाण्यानंतर केलेला नियम म्हणजे भांडणाचा पंचनामा. हे माझे मत आहे, तुम्हाला पटले नाही तर सोडून द्या.

नोकरी न धरलेला आणि व्यवसाय न सोडलेला

पुण्याकडचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. गुजरातच्या सीमेकडचा हा आदिवासी पाडा. तिथले चैत्राम पवार एम.कॉम. झालेले. शिकलेल्या मुलाने शहरात चिकटावे हीच तेव्हाही रीत होती. हे गृहस्थ १९९० नंतर गावातच राहिले. रान उघडे पडले होते, विहिरी आटत होत्या. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली आणि गावाने आपणच नियम केले. कुऱ्हाड बंद, रानात बैलगाडी न्यायची नाही, तोडणाऱ्याला दंड. त्याबरोबर चर खणले, बंधारे घातले, भाताची चारसूत्री लागवड शिकून घेतली. आज चारशे हेक्टरांहून अधिक रान गावाने राखलेले आहे आणि एकेकाळी तहानलेला पाडा शेजारच्या गावांना पाणी देतो. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका नाना तऱ्हांच्या भाज्या रांधून मांडतात आणि शहरचे लोक खायला गर्दी करतात. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांना घरी कोणी काय काय बोलले असेल, ते पदकावर लिहिलेले नसते.

धुळे तालुक्यातच लामकानी गाव आहे. तिथे धुळ्याचे डॉ. धनंजय नेवाडकर यांनी गावकऱ्यांबरोबर काम केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून उघड्या डोंगरावर पुन्हा गवत आणले. आमच्याकडचे गुराखी अजून म्हणतात की गवत काय, ते देव देतो. देव देतोच, पण बकऱ्यांनी उपटू दिले तर! मला ह्या उदाहरणात दुसरेच महत्त्वाचे वाटते. हे डॉक्टर धुळ्यात रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा चालवतात. त्यांनी व्यवसाय सोडून काम केले नाही, व्यवसाय ठेवून केले.

आणि विलासरावांनी तरी काय केले? कारखाना विकून, कफनी घालून ते नायगावी गेले नाहीत. कारखाना चालू राहिला. माळावरचे पहिले बांध, पहिली विहीर, बिनव्याजी उसनवारी ह्यांमागे पुण्याच्या कमाईचे बळ होते. पहिली तीन-चार वर्षे माळ काही देत नाही, मागतच राहतो. तेवढे दिवस घरची चूल कशावर पेटणार याची सोय ज्याने केली नाही, तो पाचव्या वर्षी कर्ज काढतो आणि सहाव्या वर्षी त्याच कंपनीच्या दारात उभा राहतो. तेव्हा ती कंपनी त्याला ओळखत नाही.

त्या माउलींना मी शेवटी एवढेच सांगितले. मुलाला हो म्हणू नका, नाही तर मुळीच म्हणू नका. त्याला विचारा, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला पडला आहे का? सूनबाईला, म्हणजे होणाऱ्या सूनबाईला, हे मान्य आहे का? नसेल तर आधी तिच्याशी बोल. आणि तो म्हणतो ते काम त्याच्या एकट्याच्या बांधापुरते आहे की गावाचे? बांधापुरते असेल तर त्याला नोकरी सोडायची गरज नाही. वडील, सालदार आणि आठ दिवसांची रजा एवढ्यात ते होते. गावाचे असेल तर मात्र नोकरीत राहून होणार नाही, कारण गावाच्या कामात मातीकाम थोडे आणि बैठका फार. चार वेळा लोक येणार नाहीत, पाचव्या वेळी येऊन भांडतील, आणि त्या वेळी तिथे हजर असणारा माणूस लागतो. पुण्याहून फोनवर नाल्याचे भांडण मिटत नाही.

माउली म्हणाल्या, "आणि भाऊ, घरची जमीन अकरा एकर आहे. तुम्ही म्हणता तो अडीच एकराचा नियम आमच्या मालकांना कोण सांगणार?"

ह्याचे उत्तर मजजवळ नव्हते. खरे पाहता सगळा प्रश्न तोच आहे. नोकरी सोडायला मुलाचे धाडस लागते, पण अकरा एकरांतल्या साडेआठ एकरांवरचा पाण्याचा हक्क सोडायला बापाचे लागते. मुलगा पगार सोडून येईल आणि पहिल्या ग्रामसभेत त्याच्यासमोर उभा राहून 'आमच्या विहिरीचे पाणी आमचे' असे म्हणणारा त्याचा स्वतःचा बाप असेल.

मुलगा दिवाळीला येणार आहे. माउलींनी ठरवले आहे की भाऊबीज झाली की बाप-लेकांना घेऊन शिवारफेरी करायची, नाल्यावरच्या विहिरी मोजायच्या आणि कोणत्या विहिरीला माघ महिन्यात किती हात पाणी असते ते वहीत लिहायचे. वही त्यांनी बाजारातूनच घेतली, दोनशे पानी. दुकानदाराने विचारले, "मावशी, नातवाला का?" तर म्हणाल्या, "नाही, मालकांना."

तुम्हीही दिवाळीआधी एक वही घेऊन ठेवा. नायगावला जायचे असेल तर सासवडहून जाता येते. पण हिरवळ पाहायला पावसाळ्यात जाऊ नका, पावसाळ्यात सगळेच माळ हिरवे असतात. चैत्र-वैशाखात जा, आणि जाताना घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाला बरोबर न्या.